ट्रॅक्टरवरचा घुमारा

आमच्या कृष्णाकाठच्या गावात 'बेस' हा शब्द आला तो साधारण १९९० च्या सुमाराला, आणि तोही ट्रॅक्टरवर बसून. त्याआधी त्याला आम्ही घुमारा म्हणायचो. गवई मंडळी खर्ज म्हणतात. शब्द कुठलाही वापरा, गोष्ट एकच. कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो तो आवाज. गावच्या माणसाला तो लागतोच. लग्नात, यात्रेत, मिरवणुकीत घुमारा नसला तर म्हातारीकोतारीसुद्धा म्हणतात, "काय बाई, कुणी मेल्यावानी गप वाजतंय!"

ही आवड काही मशिनीनं लावलेली नाही. आमच्याकडं घुमारा कातड्यातनं यायचा. धनगरांचा ढोल, गोंधळ्याचं संबळ, भजनातला पखवाज. पखवाज वाजवणारे बुवा भजनाच्या आधी घरातनं कणकेचा गोळा मागून घ्यायचे आणि डाव्या पानावर थापायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, हा कसला तरी नैवेद्य आहे. तसं नव्हतं. कणकेनं कातडं जड होतं, जड कातडं सावकाश हलतं, आणि सावकाश हललं की आवाज खाली उतरतो. संबळातसुद्धा एक भांडं बारीक बोलतं, दुसरं जाड. म्हणजे जाड आवाजाला जड पडदा, मोठं पोट आणि हलायला भरपूर हवा लागते, हे आमच्या अडाणी वाडवडलांना चांगलं ठाऊक होतं. फक्त ते असं लिहून ठेवलं नव्हतं.

मग कर्णा आला. मी शाळेत जायला लागलो तेव्हा, म्हणजे १९६६-६७ ला, तालुक्याच्या गावचा एक लाऊडस्पीकरवाला लग्नसराईत सायकलवर सगळा संसार बांधून यायचा. एक अँप्लिफायर, एक बॅटरी, रेकॉर्डची पेटी आणि दोन कर्णे. कर्णे लिंबाच्या शेंड्याला बांधले की चार गावांना कळायचं, आज इथं हळद आहे. आवाज दोन-दोन कोस जायचा, पण त्यात घुमारा औषधालाही नसायचा. ढोलकीवरची लावणी लागली तर ढोलकीची थाप डब्यावर खडा मारल्यासारखी ऐकू यायची. तरी आम्ही तोंड वासून ऐकायचो, कारण दुसरं काही नव्हतंच.

कर्ण्यात घुमारा का नाही, हे मला फार पुढं कळलं. आवाज म्हणजे हवेतली लाट. सेकंदाला ती साधारण ३४० मीटर पळते. बारीक आवाजाची लाट वितीएवढी, तर सेकंदाला ५० वेळा हलणाऱ्या जाड आवाजाची लाट जवळजवळ ७ मीटर लांब. कर्ण्यानं एखादा आवाज नीट बाहेर फेकायचा तर त्याच्या तोंडाचा घेर त्या लाटेच्या जवळपास पाहिजे. आमच्या कर्ण्याचं तोंड फूट-सव्वा फूट रुंद. ५० चा घुमारा काढायला ते दोन मीटरच्या वर रुंद करावं लागलं असतं, म्हणजे लिंबाला कर्णा नव्हे, बैलगाडी टांगायची! कर्णा झाला होता माणसाचं बोलणं लांब पोचवायला. १९१५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी असलं यंत्र लोकांपुढं वाजवलं आणि पुढं ते पुढाऱ्यांच्या सभांना कामाला आलं. आपल्याकडंही तेच झालं. निवडणूक, ग्रामसभा, दवंडी. बोलण्यासाठीच्या यंत्रावर आम्ही पाऊणशे लग्नं लावली, एवढंच.

घरात रेडिओ आला तो वडलांच्या उतारवयात. त्या वेळी रेडिओला लायसन्स असायचं आणि पोस्टात जाऊन पैसे भरायला लागायचे. आकाशवाणी सांगलीवरच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम आणि भक्तिगीतं, एवढ्यासाठी अर्धी गल्ली आमच्या सोप्यात बसायची. पुढं टेपरेकॉर्डर आले, कॅसेटी आल्या, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघर घुमायला लागला. माझा धाकटा भाऊ तेव्हा विशी-बाविशीचा. त्याला शेतीपेक्षा स्क्रू-ड्रायव्हर जास्त आवडायचा. त्यानं एक दिवस आईचा पाण्याचा माठ रिकामा केला आणि त्याच्या तोंडावर चार इंची स्पीकर उलटा बसवला. आईनं आधी शिव्या दिल्या, मग टेप लावल्यावर गप झाली. माठातनं पखवाज पखवाजासारखा वाजत होता. तेव्हा हे कितीतरी घरांत चालायचं. स्पीकरच्या पाठीमागची हवा माठाच्या पोटात कोंडली की ती पोटासकट बोलते. कुंभाराला विचारलं असतं तर त्यानंही सांगितलं असतं. माठ पक्का भाजलाय का बघायला तो बोटानं वाजवूनच बघतो.

१९८८ ला आम्ही सोसायटीचं कर्ज काढून ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला. नांगरट, सरी सोडणं हे दिवसाचं काम. हंगाम लागला की कारखान्याला ऊस ओढायचा. मागं दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर. फडात बीडकडची टोळी तोडणीला असायची, मुकादम सांगेल तेव्हा ट्रॉली भरायची आणि निघायचं. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागायला कधी आठ तास, कधी सबंध रात्र. वजनकाट्यावरनं गव्हाणीपाशी रिकामं होऊन परत फडावर यायचं, की पुन्हा भरून पुन्हा तेच. चार महिने ड्रायव्हरला धड झोप म्हणून नाही. रात्री दोन-तीन वाजता रस्ता डोळ्यापुढं लांब-रुंद व्हायला लागतो. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, सगळं करून होतं. तेव्हा गाणं लागतं. ट्रॅक्टरवरचा टेप ही चैन होती असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्या भावासाठी ती झोपेवरची औषधाची गोळी होती.

सुरुवातीला त्यानं साधा कारटेप आणि मडगार्डवर दोन उघडे स्पीकर लावले. उभ्या ट्रॅक्टरवर बरं वाजायचं. इंजिन चालू केलं की गाण्यातला ठोका गायब. नुसती बाईची तान आणि झांज तेवढी ऐकू यायची. तो वैतागायचा, "दादा, इंजिन गाणं खातंय बघ." ते त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १६०० फेरे घेतं तेव्हा दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. हिशेब केला तर सेकंदाला ४० स्फोट. म्हणजे इंजिन स्वतःच सेकंदाला ४० चा एक मोठा ढोल वाजवत असतं आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट आवाजही सोबत काढतं. गाण्यातला घुमारा नेमका त्याच पट्टीत. एका गल्लीत दोन मिरवणुका घुसल्या की लहान मंडळाचं काय होतं, तेच आमच्या गाण्याचं व्हायचं. त्यात ट्रॅक्टरला केबिन नाही. मोटारीत काचा लावल्या की आवाज आत कोंडतो. इथं वर आभाळ, चारी बाजूला शिवार. जाड आवाज एकदा सुटला की सुटला.

मग भावाचे प्रयोग सुरू झाले. तालुक्याला एक रेडिओ दुरुस्तीवाला होता, त्याच्याकडं हा जाऊन बसायचा. तिथं त्याला '४४४०' चं सर्किट मिळालं. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांना हा आकडा पाठ आहे. ती एक जपानी आयसी, १२ व्होल्टवर चालणारी. दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ वॅटपर्यंत आवाज देणारी. बॅटरी जोडली, थंडाव्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली की झाला अँप्लिफायर. त्यावर किती ट्रॅक्टर आणि किती वडाप जीपा वाजल्या असतील, याची गणती नाही.

पण नुसत्या अँप्लिफायरनं घुमारा आला नाही. तो आला एकेक गोष्ट दुरुस्त करत. पहिली गोष्ट पेटीची. उघड्या स्पीकरचा पडदा पुढं जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. जाड आवाजाची लाट लांब असल्यामुळं पुढची हवा कडेनं वळून मागं जाते आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. म्हणून मागची हवा कोंडायला पेटी पाहिजे. भावानं १८ मिलिमीटरच्या प्लायची पेटी केली, सांध्यांत फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरला, आत जुन्या गादीचा कापूस लावला आणि सीटच्या मागं, पाठीला लागून बसवली. पेटी जेवढी घट्ट आणि जड, तेवढा घुमारा गोल. पत्र्याचा डबा केला तर डबाच गातो, गाणं राहतं बाजूला.

दुसरी गोष्ट तारेची. दोन स्पीकरपैकी एकाची अधिक-उणे तार उलटी लागली तर एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. आवाज येतो, पण घुमारा मरतो. बैलजोडीतला एक पुढं आणि एक मागं ओढायला लागला तर जे होईल तेच. याची परीक्षा सोपी आहे. टॉर्चचा एक सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा. पडदा बाहेर आला तर सेलचं अधिक जिथं आहे तेच स्पीकरचं अधिक. दोन्ही स्पीकरना तशी खूण करून जोडायचे. या एका गोष्टीसाठी आसपासच्या गावांतनं लोक भावाकडं यायचे. तो पाच मिनिटांत तार फिरवून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही.

तिसरी गोष्ट बॅटरीपासनं येणाऱ्या वायरीची. अँप्लिफायर १० अँपिअर ओढत असेल आणि वायर बारीक असेल, तर १२ व्होल्टमधले दोन व्होल्ट वायरीतच संपतात. ठोका पडला की दिवे मिणमिणतात आणि आवाज फाटतो. म्हणून जाड वायर थेट बॅटरीवरनं आणायची, बॅटरीपाशीच फ्यूज घालायचा आणि अर्थ गंज खरवडून चांगल्या लोखंडाला आवळायचा.

चौथी गोष्ट वॅटची, आणि इथं सगळी पोरं फसतात. अँप्लिफायरच्या खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं असतं. सरळ १२ व्होल्टवर चालणारं सर्किट ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात साधारण २० वॅट देतं. त्याच्यावर न्यायचं तर आत व्होल्ट वाढवणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि ती तेवढा करंट बॅटरीतनंच उपसते. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. तेवढ्याच पैशात पेटी चांगली केली, स्पीकर माणसाच्या जवळ आणला, तर फरक त्याहून मोठा पडतो. भावाचं म्हणणं असायचं, "बटन शेवटाला नेऊन घुमारा येत न्हाई, नुसती बोंब येते."

पुढं १९९५ नंतर अड्ड्यावर चढाओढ लागली. शंभर-शंभर ट्रॅक्टर रांगेत आणि ज्याच्या त्याच्या पेट्या. कुणी चार स्पीकर लावले, कुणी आठ. ट्रॅक्टरला झालर, रंगीत दिवे, मागं पेट्यांची भिंत. रात्री बैलगाडीचे बैल बुजायचे. गावात डॉल्बीच्या भिंती आल्या त्याही याच सुमाराला. २००० ला केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. २००५ ला सुप्रीम कोर्टानंही ही रात्रीची बंदी उचलून धरली. नियम कागदावर आला, पण रात्री दोनला फडातनं निघालेल्या ट्रॅक्टरमागं डेसिबल मोजायला कोण येणार?

एका हंगामात, जानेवारीतल्या रात्री, आमच्या शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर भरून निघाला होता. त्यावरची पेटी आमच्या भावानंच करून दिलेली. मागच्या ट्रॉलीवर टोळीतलं एक जोडपं उसावरच आडवं झालं होतं. कारखान्याच्या रस्त्याला उतारावर मागच्या ट्रॉलीची पिन निघाली, दांडी रस्त्यात रुतली आणि ट्रॉली चरीत कलंडली. बाईनं जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. ट्रॅक्टर उताराला होता म्हणून ओझं कमी झाल्याचं इंजिनलाही कळलं नाही आणि हाका ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचल्या नाहीत. समोरनं येणाऱ्या एका दूधवाल्यानं हात केला तेव्हा तो थांबला, अर्ध्या किलोमीटरवर. गड्याचा पाय मांडीत मोडला होता. जीव वाचला, पण त्याचा हंगाम गेला आणि त्या घराची उचल अंगावर राहिली.

ड्रायव्हरला कुणी फार बोललं नाही. चार रात्री जागलेला माणूस होता. भावालाही कुणी काही बोललं नाही. पण तो आठ दिवस घरात गप होता. नवव्या दिवशी तालुक्याला गेला आणि वायरीचं एक भेंडोळं घेऊन आला. आमच्या मागच्या ट्रॉलीच्या शेवटापर्यंत त्यानं वायर नेली, तिथं दाबायचं बटन बसवलं आणि सीटजवळ मोटारीचा हॉर्न. बटन दाबलं की हॉर्न वाजायचा आणि टेपची लाईन तुटायची. त्याच आठवड्यात शेजारच्या ट्रॅक्टरला लावून दिलं, मग मागतील त्यांना. फुकट.

आता भाऊ साठीला आलाय. गेल्या पाच-सहा वर्षांत त्याला ऐकू येईना झालं. कानाच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासून एक कागद दिला. त्यावर रेघ डावीकडं बरी आणि उजवीकडं दरीत पडल्यासारखी. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गेलेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचं असंच होतं. सेकंदाला ४००० च्या आसपासचा आवाज आधी जातो. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं की कानाला धोका सुरू होतो. बिनकेबिनचा ट्रॅक्टर एकटाच ९० च्या पुढं जातो, आणि त्याच्यावर मात करायला लावलेलं गाणं त्याच्याही वर. आता त्याला लांबच्या मिरवणुकीचा ठोका आमच्या आधी कळतो. पण नात शेजारी बसून बोलली तर 'स', 'त', 'क' ही अक्षरंच त्याला सापडत नाहीत. ती म्हणते 'साखर', हा विचारतो 'आख्खं काय?' पोरगी हसते, तोही हसतो. मशीन घेतलंय, पण ते घालून बसला की म्हणतो, "दादा, भांडी लई वाजत्यात."

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्यानं, म्हणजे त्याच्याच पोरानं, मोटरसायकलला अँप्लिफायर आणि ६ इंची दोन स्पीकर लावले. चार दिवसांनी माझ्याकडं आला, "आण्णा, उभ्या गाडीवर दणका आहे. पळायला लागली की नुसतं चिरकतंय. मोठा अँप्लिफायर घेऊ का?" मी त्याला बापाकडं नेलं. भावानं गाडीला हात लावला आणि पोराला ट्रॅक्टरचा सगळा इतिहास पुन्हा सांगितला. एका सिलिंडरची गाडी मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर तोच ४० चा ढोल वाजवते, वर हेल्मेटमध्ये वारा घुमतो, तोही जाडच. त्याच्यावर चढून वाजवायचं म्हटलं तर कान जातील, घुमारा यायचा नाही. बॅटरी चार-पाच अँपिअरची, ट्रॅक्टरसारखी ऐंशीची नव्हे. दहा अँपिअर ओढलं तर उभी गाडी अर्ध्या तासात बसेल.

मग त्यानं काम केलं. सेल लावून बघितलं, तर एक स्पीकर उलटा निघाला. तार फिरवली. उघड्या जाळीतले स्पीकर काढून पाच-सात लिटरच्या घट्ट पेट्यांत घालून गाडीच्या दोन बाजूंना बसवले. ६० च्या खालचा आवाज अँप्लिफायरवरनं छाटून टाकला, कारण एवढा लहान पडदा तिथं नुसता फडफडतो आणि करंट खातो. १०० च्या आसपासचा थोडा वर उचलला. कानाला घुमारा वाटतो तो बराचसा तिथंच असतो. वायर जाड केली, फ्यूज घातला. अँप्लिफायर तोच ठेवला. मी शेजारी उभा होतो. पखवाज पखवाजासारखा वाजला.

शेवटी त्यानं आवाजाच्या बटनाला मागनं एक स्क्रू मारला, म्हणजे ते निम्म्याच्या पुढं फिरू नये. पोरगं कुरकुरलं. भावानं त्याला गाडी चालू करायला लावली, गाणं लावायला लावलं, आणि माझ्या नातवाला पन्नास पावलं मागं उभं करून हाक मारायला सांगितलं. पोरानं मान वळवली. भाऊ माझ्याकडं बघत होता. हाक त्याला ऐकू आली नव्हती. पोराची मान वळलेली बघून त्याला कळलं, आणि म्हणाला, "हां. एवढाच ठेव."